सुनयना दिघे कॉम्प्युटर जोडते

सुनयना दिघे माझी शेजारीण. कोपरखैरण्यात आमचे दरवाजे समोरासमोर आहेत, त्यामुळे तिच्याकडे काय चाललंय ते मला कळतं आणि माझ्याकडे काय करपलंय ते तिला. वय सत्तरीच्या आसपास. नक्की विचारलं तर दर वेळी वेगळं सांगते. उंची बेताची, चाल तुरुतुरु, आणि चेहऱ्यावर असा सात्त्विक भाव की नवा माणूस पहिल्याच भेटीत फसतो.

फसू नये. ही बाई ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रसायनांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. तिथले दोन मॅनेजर एकमेकांचं तोंड बघत नसत. एका दुपारी हिने दोघांच्या टेबलावर एकदम घंटा वाजवली आणि त्यांच्या लाइनी परस्परांना जोडून दिल्या.

"बोला."

"तुम्ही बोला. फोन तुम्ही केलाय."

"मी? मी कशाला करू तुम्हाला फोन?"

हिने कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं. दोघं इतके भांडले की भांडता भांडता बोलायलाच लागले. श्रेय हिला मिळालं नाही, कारण हे हिने केलं ते कुणाला कळलंच नाही. मला मात्र तिने ही गोष्ट निदान वीसदा सांगितली आहे.

नवरा गेल्यावर ती लॅपटॉपवर व्हिडिओ कापायला शिकली. सोसायटीतली बारशी, डोहाळजेवणं, साठीशांती, सगळ्यांचं चित्रण लोक मोबाइलवर करतात आणि हिच्या गळ्यात मारतात. ती त्यातून सुरेख अर्ध्या तासाची फिल्म करून देते आणि मधेच कुठेतरी सोसायटीच्या अध्यक्षांची जांभई हळूच ठेवून देते. लॅपटॉप म्हातारा झाला होता. एक बारसं तयार होईपर्यंत बाळ रांगायला लागायचं. तिला दणकट कॉम्प्युटर हवा होता.

तिच्या मुलाला, अभिरामला, वेगळंच काही हवं होतं. हा ऐरोलीत आयटी कंपनीत मोठा साहेब. उलव्याला मोठा फ्लॅट घेतलाय, आणि आल्या आल्या त्याचं एकच टुमणं: "आई, हा फ्लॅट भाड्याने दे आणि आमच्याकडे राहायला ये. तुला आता एकटीला जमत नाही."

"काय जमत नाही?"

"साधा वायफायचा पासवर्ड तुझ्या लक्षात राहत नाही."

"तो तू बदललास आणि तूच विसरलास."

सुनयनाला उलव्याला जायचं नव्हतं. मुलगा चांगला, सून जाई चांगली, घर हवेशीर. "पण तिथे मला कायम चांगलं वागावं लागेल गं," ती मला म्हणाली. हे कारण मला पूर्ण पटलं.

शेवटी एका जेवणात, माझ्यादेखत, तिने पैज लावली. "सुटे भाग आणून मी स्वतः कॉम्प्युटर जोडते. पुढच्या रविवारी तू ये. चालू झाला, तर उलव्याचं नाव काढायचं नाही. नाही झाला, तर मी गाठोडं बांधते."

अभिराम इतक्या चटकन हो म्हणाला की त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर टेम्पो उभा राहिला असावा. जाई संत्रं सोलत होती.

वाशीच्या दुकानातला सुगत नावाचा मुलगा भला होता. "मावशी, आमी जोडून देतो ना. फ्रीमधे."

"नको. डबे बंद दे."

"टेन्शन नाय. अडकलात तर फोन करा."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून काम सुरू झालं. माझ्याकडे दोन खाती होती, टॉर्च धरणं आणि टीका करणं.

पहिला घोळ मापाचा. सुगतने एक काळा, ढब्बू कॅबिनेट दाखवला होता. हिने पांढरा, काचेच्या दाराचा, नाजूक निवडला. स्थळ बघताना मुलाचं नाक बघावं आणि पगार विचारायचा राहून जावा, तशातला प्रकार. व्हिडिओसाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड निघालं वरवंट्याएवढं. ते आत घातलं की पुढच्या लोखंडी पिंजऱ्याला जाऊन अडायचं.

"तिरकं घाल," मी म्हटलं.

"तिरकं काय घाल? बसमधली सीट आहे का ती?"

"मग हातोडी आण."

तिने माझ्याकडे दुर्लक्ष केलं, कॅबिनेट गोधडीवर आडवा केला आणि पोटाखालून बघितलं. पिंजरा स्क्रूंवर बसवलेला होता. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क ठेवायची जागा ती. हिला नकोच होती. स्क्रू काढले, पिंजरा बाहेर, कार्ड आत. दिसण्यावर जाऊन केलेली लग्नंही अशीच टिकतात, काहीतरी काढून टाकून.

दुसरा घोळ वायरचा. पॉवर सप्लाय, म्हणजे विजेचा डबा, खाली, आणि प्रोसेसरला वीज देणारं तोंड पार वरच्या कोपऱ्यात. वायर पोचेना. दोन बोटं कमी. सुनयनाने आधी कंपनीला चिक्कू ठरवलं, मग वायर अशी ओढली की मी डोळे मिटले. डोळे उघडल्यावर मला दिसलं की मदरबोर्डाच्या मागच्या पत्र्याला वर एक भोक आहे.

"अगं, ते भोक कशाला ठेवलंय? हवेला?"

वायर समोरून, कार्डाला वळसा घालून नव्हे, तर पाठीमागून सरळ वर न्यायची होती. नेली. पोचली, वर चार बोटं उरली. याचं श्रेय तिने अजून मला दिलेलं नाही.

मग तिने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. काही नाही. सप्लायच्या मागे स्वतःचं वेगळं बटण असतं, ते बंद होतं. ते चालू केलं. तरी काही नाही. बोर्डाला वीज देणारं ते रुंद, चोवीस दातांचं तोंड होतं, ते दिसायला बसलेलं, पण खरं तर दारात पाहुणा उभा राहावा तसं अर्धं आत, अर्धं बाहेर. जोराने दाबायची तिला भीती, कारण बोर्ड वाकतो.

"मोडला तर?"

"मोडला तर उलवे," मी म्हटलं.

तिने अंगठा टेकवला आणि दाबलं. टक् असा स्वच्छ आवाज आला. पुन्हा बटण, आणि पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले, काचेतून गणपतीचा मंडप दिसावा तसं दिसायला लागलं. पडदा मात्र काळा.

कार्डाच्या अंगावरचं विजेचं तोंड रिकामं होतं. त्या सप्लायच्या वायरी सुट्या येतात, लागतील तेवढ्या जोडायच्या. टेबलावर एकच उरली होती. तिलाही कार्डाच्या तोंडासारखी आठच भोकं, पण ती काही केल्या बसेना. भिंगातून बघितलं तर बारीक अक्षरांत सीपीयू लिहिलेलं. म्हणजे तीही प्रोसेसरचीच, कार्डाची नव्हे.

"थांब," म्हणत सुनयनाने माळ्यावरून वायरींची पिशवी काढली. ही पिशवी तुमच्याही घरी आहे, नाही म्हणू नका. बंद पडलेल्या मोबाइलांचे चार्जर, मेलेल्या टीव्हीची केबल, कशाची आहे ते कुणालाच माहीत नसलेली एक जाड काळी वायर. त्या गुंत्यातून तिने नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरची एक वायर उपसली. एक टोक कार्डात बसेलसं, दुसरं सप्लायमध्ये बसेलसं.

"बघ! म्हणून मी काही टाकत नाही."

मला इतक्या सुखासुखी कुणाचं बरोबर आलेलं आवडत नाही. मी सुगतला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मावशी, हात लावू नका!" तो फोनमधून ओरडला. "दुसऱ्या सप्लायची वायर चालत नाय. तोंड सेम दिसतं, आतल्या तारा वेगळ्या जोडलेल्या असतात. लावली की कार्ड खल्लास."

"मग आमची कुठेय?" सुनयनाने विचारलं.

"डब्यातच आली असणार. काळी मखमली पिशवी होती बघा, तिच्यात."

मी सुनयनाकडे बघितलं. ती कपाटाकडे बघत होती.

ती पिशवी ब्लाउजपिसांच्या चळतीत सापडली. छान आहे, सोनेरी नाडी आहे, चैत्रातल्या हळदीकुंकवाला कुणाला तरी देता येईल, म्हणून तिने डबा उघडल्या उघडल्या पिशवी बाजूला काढून ठेवली होती. आत उरलेल्या वायरी होत्या.

"मला वाटलं रिकामी आहे."

"हाताला जड नाही लागली?"

"मखमल जड असते."

योग्य वायर लागली, टक् झालं, पडद्यावर अक्षरं उमटली. शनिवारची दुपार होती. सुनयनाने खुर्चीत बसल्या बसल्या एक छोटासा नाच केला. पैज जिंकली असं समजून मी घरी जाऊन झोपले.

रविवारी सकाळी बेसन मागायला गेले, तर ही काचेचं दार उघडून बसलेली. माझ्या डोळ्यांदेखत तिने मागचं बटण बंद केलं, कार्डाच्या वायरची खिट्टी दाबली, वायर उपसली, परत नुसती कार्डाच्या तोंडाशी टेकवून ठेवली, आणि मागचं बटण पुन्हा चालू केलं.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"चालू कॉम्प्युटर दाखवला तर तो म्हणेल, दुकानातला माणूस बोलावला असशील. आधी त्याला हरू दे. मग मी जोडते."

"आणि त्याला सापडलं तर?"

"अभिरामला? त्याला शाळेत जाताना पायातली चप्पल सापडायची नाही."

ती दोघं आली. अभिरामने बटण दाबलं. पंखे फिरले, मंडप उजळला, पडदा काळा. त्याच्या चेहऱ्यावर जी दया पसरली ती बघून मलाच त्याला चिमटा काढावासा वाटला.

"असू दे, आई. या वयात एवढं केलंस, हेच खूप आहे."

"तू बघ की जरा," सुनयना म्हणाली. "तू शिकलेला आहेस. तू चालू केलास तरी पैज तूच जिंकलास."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. पडद्याची केबल काढून घातली. मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या. मोबाइलवर कुणातरी परदेशी पोराचे व्हिडिओ बघितले, पुन्हा पट्ट्या काढून घातल्या. शर्ट पाठीला चिकटला. सुनयना शेजारी डाळिंब सोलत बसली होती, चेहरा समईसारखा शांत.

"मदरबोर्ड गेलेला दिसतोय," तो म्हणाला.

तेवढ्यात एक स्क्रू घरंगळत खाली गेला. तो उचलायला जाई वाकली आणि उठताना तिची नजर कार्डावर थांबली. वायरचं तोंड नीट बसलेलं नव्हतं, चांगली नखभर फट होती. जाईला ती दिसली. जाईला दिसली हे मला दिसलं. तिचं बोट पुढे झालं, आणि मी मनातल्या मनात सुनयनाच्या साड्या ट्रंकेत भरायला लागले.

बोट हवेतच थांबलं. जाईने सासूकडे बघितलं. सासूने डाळिंबाचे दाणे मोजावेत इतक्या एकाग्रतेने वाटीकडे बघितलं. मग जाईने बोट मागे घेतलं, स्क्रू टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मदरबोर्डच असेल रे, अभि. तू म्हणतोस म्हणजे."

आणि वळून, "आई, पुऱ्या तळायला घेऊ?"

"घे गं बाळा."

पुऱ्या फुगल्या तेव्हा अभिराम खचला. "हे दुकानात न्यावं लागेल. घरी कुणालाच जमणार नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच, आई."

"मग मी एकदा बघते."

आता तिने जे नाटक केलं त्याला खरं तर तिकीट लावायला हवं होतं. मागचं बटण बंद केलं. भिंग घेतलं. मला टॉर्च धरायला लावला. कॅबिनेटवर कलिंगड वाजवतात तशी टिचकी मारली, कान लावला, "हं" म्हणाली. कुठे तरी फुंकर घातली. मग अंगठा आत गेला. टक्. मागचं बटण, पुढचं बटण. पंखे, दिवे, आणि पडद्यावर तिने वॉलपेपर म्हणून लावून ठेवलेले गेल्या महिन्यातल्या साठीशांतीतले अध्यक्ष, जांभई अर्ध्यात.

अभिराम बराच वेळ त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय केलंस तू?"

"काही नाही रे. सैल वाटलं तिथे दाबलं."

"मी तपासलं होतं सगळं."

"हो ना. तू तपासलंस म्हणून तर मला सोपं गेलं."

तो जेवायला बसला. पहिल्या दोन पुऱ्या रागाने खाल्ल्या, तिसरी चवीने. चौथीला म्हणाला, "ठीक आहे. उलव्याचा विषय ब—"

"म्हणजे आईंसाठी ठेवलेल्या त्या खोलीत ट्रेडमिल ठेवता येईल," जाई म्हणाली. "मी मापं घेतलीत. दार उघडूनही वीतभर जागा उरते."

अभिरामचा घास हातातच राहिला. "मापं? कधी घेतलीस?"

जाईने पुरीकडे बघितलं. मी लोणच्याच्या बरणीकडे बघितलं.

"खिडकीकडे तोंड करून ठेव गं," सुनयना तिच्या पानात श्रीखंड वाढत म्हणाली. "भिंतीकडे बघत कुणाला चालवतं?"