एका पेटीतले बेडूक

अवसरी बुद्रुकच्या सारजाबाईंनी दोन्ही सुना एकाच चुलीवर ठेवल्या होत्या, आणि हे त्या ओळख नसलेल्या माणसालाही सांगत. गावात कुठले भाऊ वेगळे निघायला लागले की समजूत घालायला बोलावणं त्यांनाच यायचं.

त्यांच्या नातीने, सृष्टीने, झाडावरच्या बेडकांची पिल्लं पाळली होती. थोराड तपकिरी एका बरणीत, नखाएवढी हिरवी दुसऱ्या बरणीत. सारजाबाईंना ते खपलं नाही. "माझ्या घरात येगळं बिऱ्हाड चालायचं न्हाई," म्हणत त्यांनी दोन्ही बरण्या माशांच्या जुन्या काचपेटीत रिकाम्या केल्या.

"आजी, मोठी बारक्यांना खात्यात."

"सवय झाली की न्हाई खायाची."

मग त्या येईल त्याला पेटी दाखवू लागल्या. सगळी एका फांदीवर, कुणाची तक्रार नाही. हिरवी कमी दिसू लागली तेव्हा त्या म्हणाल्या, ती लाजाळू आहेत, पानाआड बसतात.

एका सकाळी एका तपकिरी बेडकाच्या तोंडातून हिरवा पाय बाहेर लोंबत होता. तो आत जाईपर्यंत सारजाबाई तिथंच उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरात थोरली सून भाकरी थापत एकटीच बोलत होती. धाकटी गप्प भांडी घासत होती. लग्नातल्या बांगड्या तिच्या हातात पार सैल झाल्या होत्या.

सारजाबाईंनी धाकट्या मुलाला हाक मारली. "सोमनाथ, मंचरला जा आन् गॅसची शेगडी घिऊन ये."

"आपली बिघडली काय?"

"न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "ही तुमा दोघांची."