दहा फुटांच्या खोलीला पाच वॅट

आमचे हे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बनवायचे. गिऱ्हाइकाच्या खोलीत मधोमध उभं राहून टाळी वाजवायचे, स्पीकर बघायचे, मगच किती वॅट ते सांगायचे. जास्त मागणाऱ्याला म्हणायचे, "अहो, दहा फुटांच्या खोलीला पाच पुष्कळ. बहिऱ्याला ऐकवायचंय का?"

मग माझेच कान गेले. ह्यांनी आमच्या तेवढ्याच खोलीतल्या छोट्या स्पीकरला तीस वॅटचा अँप्लिफायर जोडला. खिडकीची काच थरथरताना दिसली, त्यावरून गाणं लागलंय एवढं कळलं. ह्यांना बरं वाटावं म्हणून मी डोळे मिटून मान डोलावू लागले. थोड्या वेळाने ह्यांनी माझा हात धरून स्पीकरवर ठेवला. हाताला थरथर लागेना; स्पीकर केव्हाच जळून गप्प झाला होता. ह्यांचे ओठ हलले. काय म्हणालात, असं विचारायचा मला धीर झाला नाही.