शोभाचे वडील

परतूरच्या आमच्या निवासी शाळेत पाहुणे पुष्कळ येत, पण माझी मैत्रीण शोभा हिच्या वडिलांइतका आवाज करत येणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. शोभाला आणि मला दिसत नाही. तिचे वडील, आम्हा सगळ्या पोरींचे मामा, फाटकापासूनच खोकायला लागत, वहाणा फरफटत, वाटेतल्या बादलीला हमखास लाथ घालत आणि जवळ आले की स्वतःचं नाव, गाव आणि पिशवीतल्या शेंगा यांची दवंडी पिटत. पोरींजवळ कुणी गुपचूप येऊ नये हा त्यांचा कायदा, आणि तो त्यांनी आधी स्वतःला लावला होता. रानात ऊस तोडीची वाट बघत उभा असला, तरी आमच्या खेळांच्या स्पर्धा म्हटलं की ते वडीगोद्रीहून हजर. आम्ही कपडे बदलायला गेलो की खोलीच्या दाराकडे पाठ करून बसत, आणि मग मुख्याध्यापकांचीसुद्धा आत यायची छाती होत नसे. एकदा बक्षीस द्यायला आलेल्या पुढाऱ्यानं फोटोसाठी मला उचलून कडेवर घेतलं. मी तेव्हा नववीत होते. मामांनी अदबीनं विचारलं, "साहेब, डोळस पोरी जिंकल्यावर त्यांना पण असंच उचलता का?" साहेबांनी मला इतक्या जल्दी खाली ठेवलं की त्यांचा हार माझ्याच गळ्यात राहिला.

आमच्यात सगळ्यात वेगानं पळायची ती कांता. तिला दिसायचं, पण गोष्टी उशिरा उमगायच्या आणि बोलायला त्याहून उशीर लागायचा. विभागीय स्पर्धेआधी बाहेरून एक प्रशिक्षक आले. कांताच्या पायांना मालिश हवी, ती आपण खोलीत एकटीला देऊ, असं ते म्हणाले. मुख्याध्यापकांना फक्त पदक दिसत होतं. मामा म्हणाले, मालिश शाळेतल्या बाई करतील, इथं मैदानात, सगळ्यांसमोर. प्रशिक्षक हसले. तिची काही तक्रार आहे का, विचारा की तिलाच, म्हणाले.

मामांचे गुडघे कटकन वाजले. ते कांतासमोर मातीत बसले होते. "कांता, तुला जायचंय का बेटा? सावकाश सांग. मी हितंच बसून राह्यलो."

एरवी क्षणभर गप्प न राहणारा तो माणूस खोकलासुद्धा नाही. फार वेळानं कांता म्हणाली, "न्हाई. काल यांनी आतून कडी लावली. मी पळून आल्ते."

मामा उठले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, आता आपण दोघं पोलीस ठाण्यात जाऊ. ते दोघं खरोखरच गेले. प्रशिक्षक पुन्हा आमच्या मैदानात आले नाहीत.

उरलेले दिवस मामांनीच आम्हाला शिकवलं. त्यांना खेळातलं बिलकुल कळत नव्हतं. शर्यतीत कांता मध्येच थांबून त्यांना हात करून आली आणि शेवटची ठरली. परतीच्या एसटीत मामांनी हे कंडक्टरपासून सगळ्यांना इतक्या कौतुकानं सांगितलं की लोक आमचं अभिनंदन करू लागले.

मामा जाऊनही आता काही वर्षं झाली. कांता अंकुशनगरला भावाकडे राहते. शोभा आणि मी भेटायला गेलो की ती विचारते, मामा कवा येणार. आम्ही तिला समजावून सांगतो. ती माझा हात हातात घेऊन सगळं ऐकते.

"मंग त्यांना सांग," ती म्हणते, "मी विचारलं म्हणून."

मी बरं म्हणते.