सध्या गावी नाहीत

फिर्यादीचा ड्राफ्ट मी वाचून दाखवत होतो. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आलो आणि सत्यभामाबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

"वकीलानू, थांबा. आता वाचलात ता परत वाचा."

मी परत वाचलं. "वादीचे पती महादेव हे मयत झाले असून..."

"मयत कोण झालो?"

मी पेन खाली ठेवलं. मला सनद मिळून तेव्हा सात महिने झाले होते. आमचा भाग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. पन्नासचं दशक संपत आलेलं. मी मुंबईहून एलएल.बी. करून आलो होतो आणि देवगडच्या कोर्टात आप्पासाहेबांच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून बसत होतो. बसत होतो हाच शब्द बरोबर आहे. सात महिन्यांत मी तारखा मागून घेतल्या, नकलांचे अर्ज लिहिले आणि बार रूममधल्या खुर्च्यांपैकी कुठली डुगडुगते ते शिकलो. स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच केस. तीही आप्पासाहेबांना दुसऱ्या कोर्टात जायचं होतं म्हणून माझ्याकडे आलेली.

आमच्या बॅचचे आम्ही पाच जण एकत्र अभ्यास करायचो. वर्षभरात एक कस्टममध्ये लागला, एक बँकेत. एकाने सासऱ्याचं दुकान सांभाळलं. एक जण हायस्कूलात इंग्रजी शिकवू लागला. वकिली करायला मी एकटा उरलो होतो, आणि मलाही त्याच आठवड्यात मुंबईच्या एका विमा कंपनीचं पत्र आलं होतं. कायदा खात्यात क्लार्कची जागा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. वडील जामसंड्याला शाळामास्तर होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्या पुस्तकांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक माळ्यावरून खाली आली होती.

केस अशी होती. सत्यभामाबाईंचे यजमान फत्तेमारीवर खलाशी. फत्तेमारी म्हणजे मोठं शिडाचं जहाज. मंगळुरी कौलं आणायला ते दक्षिणेला गेलं आणि परत आलं नाही. फळकुटही किनाऱ्याला लागलं नाही. त्याला आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बाई एकट्याच यजमानांच्या दोन खोल्यांत राहत आणि हापूसची बारा कलमं राखत. साडेचार महिन्यांपूर्वी त्या माहेरी आईच्या आजारपणाला गेल्या. परत आल्या तर दाराला नवं कुलूप. धाकटा दीर गणपत शेजारीच राहायचा. त्याने सांगितलं, दादा बुडाला, घर एकत्र कुटुंबाचं, आता ते माझ्याकडे आलं. बाई तेव्हापासून चुलतनणंदेच्या पडवीत राहत होत्या.

आप्पासाहेबांच्या मते केस सरळ होती. एखाद्या माणसाची सात वर्षं कसलीच खबर नसेल, तर कोर्ट त्याला मेला असं धरून चालू शकतं. नवरा मयत धरला की बायको विधवा म्हणून वारस. वाटणी पूर्वीच झाली होती, तिचा कागदही होता. म्हणजे दिराचा संबंध संपला. मी तसाच ड्राफ्ट केला होता.

मी बाईंना हे सगळं समजावलं. त्या ऐकत होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"ते मेले म्हणान तुमका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाही. कायदा तसं धरतो."

"कायदो तुमचो आसात, पण घोव माझो आसा."

"बाई, एवढी एक ओळ. त्याशिवाय घर मिळणार नाही."

"नाय गावला तरी चलात. मी कोर्टात उभी रवान ते मेले असा सांगूचंय नाय."

त्या निघाल्या. दारात वळून एवढंच म्हणाल्या, "तुमका राग इलो काय?" मी नाही म्हटलं. खरं तर आला होता. हातात आलेली पहिली केस एका शब्दापायी जात होती.

संध्याकाळी आप्पासाहेब परतले. मी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मग केस सोड. जी बाई फिर्यादीतला मुख्य मुद्दाच नाकारते, तिची बाजू कशी मांडणार?"

मी तीन दिवस त्यांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसलो. परीक्षेसाठी जे सेक्शन आम्ही पाठ करून विसरलो होतो, त्यातलं एक सापडलं. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं नववं कलम. साध्या भाषेत सांगायचं तर असं : तुम्ही जागेत राहत होता आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणी तुम्हाला बाहेर काढलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावा. मालक कोण हे कोर्ट विचारतच नाही. ताबा कोणाचा होता, एवढंच बघतं. मालकी नाही, म्हणजे वारसा नाही. वारसा नाही, म्हणजे मरण सिद्ध करायला नको.

आप्पासाहेबांनी चष्मा वर करून वाचलं.

"अर्धवट उपाय आहे. तू जिंकलास तरी दीर उद्या मालकीचा दावा लावेल."

"लावू दे. तोवर बाई घरात असेल."

"आणि सहा महिने?"

"सात आठवडे शिल्लक आहेत."

"आणि तुझी मुंबई?"

मी दाव्याचा कागद पुढे ओढला. दावा दाखल झाला. सुनावणीची तारीख पडली ती विमा कंपनीच्या तारखेनंतर अकरा दिवसांनी.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी वडिलांना पत्राचं उत्तर दाखवलं. जागा स्वीकारता येत नाही, क्षमस्व, असं इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांनी कंदिलाजवळ धरून वाचलं. मग लाल पेन्सिल मागितली. एक प्रिपोझिशन चुकलं होतं, ते दुरुस्त केलं.

"नीट परत लिहून काढ," म्हणाले. "सकाळी शाळेत जाताना मीच टाकतो पेटीत."

ट्रंक पुढे बरेच दिवस खालीच होती. आई तिच्यावर कपडे घडी करून ठेवायची.

सुनावणीच्या दिवशी सत्यभामाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. शपथ झाली. कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

आमच्याकडे तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. कारकून वैतागला. "बाई, नाव सांगा. कोर्ट आहे हे."

मागून आवाज आला, "महादेव."

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रतिवादी गणपत उभा होता. वहिनीची अडचण झाली आणि त्याच्या तोंडून नाव निघून गेलं, आपण तिच्याविरुद्ध आलोय हे विसरून. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं, पण नाव लिहून घेतलं.

त्याच्या वकिलांनी बाईंना पहिलाच प्रश्न टाकला. "तुमचे पती जिवंत आहेत की मयत?"

मी उठलो. "साहेब, नवव्या कलमाखाली हा प्रश्न उद्भवत नाही."

न्यायाधीशांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे. पुढचा प्रश्न."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांच्यासाठी केस बहुधा तिथेच संपली होती. पुढे शेजारणीने कुलूप कधी लागलं ते सांगितलं. ताबा आणि सहा महिने, दोन्ही गोष्टी कागदावर आल्या. आता गणपतची उलटतपासणी मी दोन प्रश्नांत संपवायला हवी होती. आप्पासाहेबांनी तेच बजावलं होतं. पण मी तरुण होतो आणि मला त्याला खोटा पाडायचा होता.

"तुमचे थोरले भाऊ मयत आहेत, असं तुमच्या कैफियतीत लिहिलंय. खरं?"

"होय."

"त्यांचं उत्तरकार्य केलंत?"

"नाय."

"दर वर्षी म्हाळ घालता?" म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध.

"घालतंय. बापाशीचो, आवशीचो."

"आणि दादाचा?"

तो कठड्याकडे बघत राहिला. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला गडी. हात कठड्यावर ठेवले, मग काढले.

कोर्टाची मराठी सुटून माझ्या तोंडून घरची मालवणी निघाली. "कित्याक नाय घातलास?"

"कसो घालू?" तो म्हणाला. "पान वाढलंय, कावळो घास घेवन गेलो, आणि उद्या दादा दारात येवन उभो रवलो, तर तेका काय सांगू?"

मी पुढचा प्रश्न विसरलो. खोटा पाडायला गेलो होतो आणि त्या खोलीतली सगळ्यात खरी गोष्ट त्याच्याकडून निघाली होती. बाकावर सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटतं, आठ वर्षं आपण एकटीच वाट बघतोय असं त्यांनी धरलं होतं.

मी खाली बसलो. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं आणि जेवणाची सुट्टी थोडी लवकर दिली.

आम्ही बाहेर फणसाखाली उभे होतो. गणपत आला. त्याचे वकील मागून हाका मारत होते. आप्पासाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "आता तू एक अक्षर बोलू नकोस."

"वयनी," गणपत म्हणाला, "कुलूप काढतंय."

बाई समोरच्या आवाराकडे बघत म्हणाल्या, "आंबे उतरूचे दिवस इले. माणसां बघलस काय?"

"बघतंय."

"कलमांक कोणी पाणी घातल्यान?"

"मीच घालय."

एवढंच बोलणं झालं. दुपारी आम्ही तडजोडीची पुरशिस लिहायला बसलो. पुरशिस म्हणजे दोन्ही बाजूंनी सही करून कोर्टाला दिलेलं निवेदन. गणपत ताबा देतो, पुन्हा अडथळा करणार नाही, दोन खोल्या आणि बारा कलमं बाईंकडे. सगळं सोपं होतं. अडलं ते यजमानांच्या वर्णनापाशी. मयत लिहायचं नव्हतं. हयात लिहिलं तर पुरावा कुठला? त्याचे वकील आणि मी पेनं हातात धरून बसलो.

मी बाईंना विचारलं, "काय लिहू?"

त्यांनी दिराकडे पाहिलं. दीर म्हणाला, "गावात नाय असा लिवा."

मी लिहिलं : वादीचे पती महादेव, जे सध्या गावी नाहीत.

न्यायाधीश पुरशिस वाचताना त्या ओळीवर थांबले. "वकीलसाहेब, आठ वर्षांना 'सध्या' हा शब्द चालतो का?"

"पक्षकारांना चालतो, साहेब."

त्यांनी सही केली.

महादेव परत आले नाहीत. गणपतने मालकीचा दावा कधीच लावला नाही. पुढे आंब्याच्या मोसमात त्याच्या पेट्यांबरोबर वहिनीच्या पेट्या एकाच गाडीतून जायच्या. बाई शेवटपर्यंत कुंकू लावत होत्या.

माझं म्हणाल तर या केसमुळे पक्षकारांची रांग लागली नाही. पुढचे पाच महिने मी पुन्हा नकलांचे अर्जच लिहिले. कस्टममधला मित्र सुट्टीवर यायचा तेव्हा त्याचे बूट बघून मला विमा कंपनी आठवायची. पण वकिली सोडायचा विचार नंतर आला नाही, आणि हळूहळू कामही येत गेलं.

नंतर माझ्याकडे बरेच ज्युनिअर आले. नवीन सनद, नवा कोट, आणि पहिला प्रश्न तोच, या धंद्यात भागेल ना? मी त्यांना खरं ते सांगतो, की पहिली काही वर्षं भागत नाही. आणि एक काम देतो. ड्राफ्ट लिहायच्या आधी पक्षकाराला विचारून या, की कुठली गोष्ट तुम्ही साक्षीत काही झालं तरी बोलणार नाही. या सवयीपायी मी दोन-तीन जिंकण्यासारख्या केसेस हरलो आहे. ते पक्षकार मात्र अजून रस्त्यात भेटले की थांबून बोलतात.