मंडळाच्या पानावर टाकलेला व्हिडिओ

जपानमधल्या उरायासुच्या सार्वजनिक हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता. हातातली चकली मोडत एक काका म्हणाले, "माझं ऐका, आपला देश पाच वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या. सगळे सुतासारखे सरळ होतात की नाही बघा." काका म्हणजे मंडळातल्या एकीचे सासरे, बँकेतून निवृत्त, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. इथल्या ट्रेन वेळेवर येतात आणि लोक कचरा वेगवेगळा करतात, एवढं बघून त्यांनी हा शोध लावला होता. आमच्या इमारतीत कचऱ्यावर रणगाडा उभा नसतो हो, तळमजल्यावरच्या आजी उभ्या असतात, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

एरवी मी ते गिळलं असतं. असली वाक्यं आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत एक तरी माणूस बोलतोच, आणि बाकीचे माना डोलावतात. पण त्या दिवशी माझ्या शेजारी माझी ऑफिसमधली मैत्रीण बसली होती. तिला मराठी येत नाही, पण 'मिलिटरी' एवढा शब्द तिला कळला आणि तिने हातातला लाडू खाली ठेवला.

तिच्या देशात काही वर्षांपूर्वी लष्कराने सत्ता घेतली. देशाचं नाव लिहीत नाही. तोंड उघडून मी करून ठेवलंय तेवढं पुरे आहे. आम्ही दोघी एकाच टीममध्ये, रोज जेवायला बरोबर, अर्ध्या जपानीत आणि अर्ध्या इंग्रजीत बोलणाऱ्या. डबा खाता खाता तिने मला थोडं थोडं सांगितलं होतं. निवडून आलेली माणसं तुरुंगात आहेत. रस्त्यात शिपाई मोबाईल उघडायला लावतात आणि फोटो बघतात. घरी पाहुणा राहणार असेल तर आधी वर्दी द्यावी लागते. तिचे वडील शाळेत गणित शिकवायचे. या लोकांच्या हाताखाली शिकवणार नाही म्हणाले, आणि त्यांच्या नावाचं वॉरंट निघालं. आई शेजाऱ्यांना सांगते की ते भिक्खू होऊन कुठल्याशा दूरच्या मठात गेलेत. दर रविवारी ही आईला फोन करते तेव्हा दोघी फक्त भाजी आणि पाऊस यांवर बोलतात, कारण तिसरं कोणीतरी ऐकत असतं.

ही शिस्त हवी आहे काकांना. माझं डोकं फिरलं.

"काका, जरा थांबा," मी म्हटलं. "ज्यांनी हे भोगलंय त्यांच्याकडूनच ऐका." मुलांच्या नाचासाठी माझा मोबाईल स्टँडवर लावलेला होता. मी तो आमच्याकडे वळवला. तिने ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ती हळू आवाजात बोलली. मी ते मराठीत मोठ्याने सांगत गेले. हॉलमध्ये लोकांना फराळाला हात लावायचा संकोच वाटायला लागला. काका चष्मा पुसत बसले. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. बोलणं संपल्यावर टाळ्या पडल्या आणि त्या मी स्वतःच्याच खिशात घातल्या.

मंडळाचं फेसबुकचं पान मीच सांभाळते. इथल्या शाळेत मुलाचा फोटो कुठे लावायचा असेल तर आधी घरी परवानगीचा फॉर्म येतो, आणि दुसऱ्याचं मूल फोटोत आलं तर त्याच्या चेहऱ्यावर गोल स्टिकर चिकटवतात. आम्ही त्याला हसतो. आमच्याकडे लाडू संपायच्या आत सगळ्यांचे फोटो पूर्ण नावांसकट पानावर असतात. तिचा व्हिडिओही मी तसाच टाकला, नावासकट, वर 'लष्करशाहीचं कौतुक करणाऱ्यांसाठी' असा खवचट मथळा देऊन. सरकारला शिव्या देऊन वर लाइक्स मोजायची सवय असलेल्या देशातली मी. अशा व्हिडिओमुळे कोणाच्या दारावर थाप पडू शकते हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि तरी माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. काढ, एवढंच म्हणाली. मी लगेच काढला. पण तिच्या देशातली माणसं जपानातही आहेत आणि ती सगळीच तिच्या बाजूची नाहीत. बुधवारी शिपाई तिच्या मावशीच्या गावी पोचले, कारण वडील मावशीकडे आहेत हे ती व्हिडिओत बोलली होती. वडील मागच्या दाराने निघाले. आता ते कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. मावशीला घेऊन गेले.

आग लागो त्या वर्दीला. साठीची बाई, बहिणीच्या नवऱ्याला दोन वेळचं जेवायला घातलं, हा तिचा गुन्हा. काकांना मी फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं गं. पण आपलं सैन्य तसं नाही." मी फोन ठेवून दिला. त्यांच्याशी भांडायचं तोंड मला कुठे राहिलं होतं?

शुक्रवारी ती ऑफिसला आली. मी माफी मागायला लागले, तिने हातानेच थांबवलं. तो व्हिडिओ अजून तुझ्या मोबाईलमध्ये आहे का, तिने विचारलं. तिला तो बघायचा होता. बोलण्याच्या भरात आणखी कोणाचं नाव, कोणाचं गाव तोंडातून गेलं का हे तपासायचं होतं, म्हणजे त्यांना वेळेत घराबाहेर काढता आलं असतं.

आम्ही मीटिंगच्या खोलीत दार लावून बसलो. ती वही उघडून लिहीत होती. मावशीच्या गावाशिवाय तिने कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. आणि त्या गावापर्यंत येताना ती तीनदा थांबली होती, मान खाली घालून गप्प बसली होती. तिन्ही वेळा मागून माझा आवाज येत होता, आधी लाडीगोडीचा, मग घाई करणारा: सांग ना, बाबांचं सांग.