मास्तरच्या ओठावरचा डाग

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात काकू तेवीस वर्षं काज-बटण करत होत्या, पण त्यांची खरी ख्याती होती ती डब्याची. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि आत गच्च गोळ्या. नवऱ्याच्या आजारपणात घरात औषधांचा ढीग साठला होता. नवरा गेला, ढीग राहिला. टाकून द्यायला काकूंचा जीव होईना. मग त्यांनी रंगावरून वाटणी केली. पांढरी तापाला, गुलाबी पित्ताला आणि पिवळी कुठंही काहीही दुखलं की. पाकिटं कापून-कापून नावं कुठच्या कुठं गेलेली.

"नाव काय चाटायचंय? गुण आला म्हणजे झालं," काकू म्हणायच्या. आणि गुण यायचाच. कारण नाही आला म्हटलं तर त्या दुसरी गोळी द्यायच्या.

कटिंग मास्तर त्यांचा सगळ्यात निष्ठावंत रोगी. दिवसभर वाकून कापड कापायचा, त्यामुळे पाठ कायमची धरलेली. अधूनमधून पिवळी घ्यायचा. एका सकाळी ती घेतली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचा खालचा ओठ चुरचुरायला लागला. दुसऱ्या दिवशी तिथं जांभळट डाग. गोल, शर्टाच्या बटणाएवढा.

"मास्तर, कुणी चावलं काय?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

झालं! कारखान्याला विषय मिळाला. काकू तोंडानं "शी, काहीतरीच" म्हणत होत्या आणि कान टवकारून सगळं ऐकत होत्या. डाग फिका पडला. तीन आठवड्यांनी पाठ पुन्हा धरली, पिवळी पोटात गेली आणि डाग परत हजर, नेमका त्याच जागी.

"बाई नेमबाज दिसतेय," काकू म्हणाल्या. शिलाईवाल्या हसून-हसून मशिनीवर आडव्या झाल्या.

मास्तरच्या बायकोला मात्र हसू आलं नाही. तिनं त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं आणि बोलणं बंद केलं. त्या काळजीनं बिचाऱ्याचं डोकं ठणकायला लागलं. काकूंनी मायेनं पिवळी दिली. संध्याकाळी ओठ काळानिळा, आणि मनगटावर तसाच आणखी एक डाग.

आता मनगटाला कोण चावेल? बायकोही चक्रावली. नवऱ्याला दंडाला धरून तिनं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. औषधं काय घेता, म्हटल्यावर मास्तर म्हणाला, "काहीच नाही." दुखलंखुपलं तर? "तेव्हा काकूंची पिवळी. पण ती काही औषध नव्हे."

दुसऱ्या दिवशी निरोप आला, डॉक्टरांनी काकूंना बोलावलंय, डब्यासकट. काकूंची छाती फुगली. सल्ल्याला बोलावलं असणार! ठेवणीतले कपडे घालून त्या गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी डबा टेबलावर पालथा केला. "ही कशाची?"

"पिवळी."

"पिवळी हे औषधाचं नाव आहे?"

डॉक्टरीणबाईंनी एकेक तुकडा उलटून पाहिला. अर्ध्याअधिक गोळ्यांची मुदत उलटून वर्षं झाली होती. एका तुकड्यावर तेवढं पिवळीचं नाव शाबूत होतं.

"मास्तरांना या औषधाचं वावडं आहे. ते पोटात गेलं की त्याच जागी डाग उठतो. पुन्हा-पुन्हा दिलंत की नव्या जागीही उठतो."

"पण मी स्वतः खाते की! मला कुठं काय होतं?"

"तुमची कातडी तुमची, त्यांची त्यांची. कुणाला डाग पडतो, कुणाला पित्ताच्या गांधी उठतात. पण अंगावर फोड आले, तोंड सोललं, डोळे लाल झाले, सोबत ताप आला, तर गोळी बंद करून तडक हॉस्पिटल गाठायचं. त्यात जीवही जातो, काकू."

वाटेत काकूंनी आजवर कुणाकुणाला पिवळी दिली ते आठवायचा प्रयत्न केला. यादी पॅकिंग खात्यापर्यंत पोचली तरी नावं संपेनात. घरी न जाता त्या थेट मास्तरच्या दारात गेल्या. बायकोनं दार उघडलं.

"तुझ्या नवऱ्याच्या ओठावर डाग पाडणारी बाई मीच," काकू एका दमात म्हणाल्या.

बायकोनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. गुडघ्याला पट्टा, जाड भिंगाचा चष्मा, पांढरे केस. तिला आधी हसू फुटलं, मग राग आला.

"महिनाभर मी त्याच्याशी बोलले नाही. तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"हसत होते," काकूंनी खरं सांगून टाकलं.

चहा मिळाला नाही. पण दारही तोंडावर आपटलं गेलं नाही.

डब्यातला माल डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतला. मास्तर आता खिशात त्या औषधाच्या नावाची चिठ्ठी बाळगतो आणि गोळी घ्यायच्या आधी ती दुकानदाराला दाखवतो. कारण कंपनी बदलली की वरचं नाव बदलतं, आतलं औषध तेच असतं. ओठावर फिकट तपकिरी खूण अजून आहे. जाईल हळूहळू.

परवा पॅकिंगमधला एकजण दाढ धरून काकूंकडे आला. "आधी काय घेतलंस? कधी? पाकीट कुठाय? कशानं अंगावर पुरळ उठतं का?" काकूंनी त्याला असा फैलावर घेतला की यापेक्षा दाढ उपटलेली बरी, असं म्हणत तो अर्धी सुट्टी टाकून दवाखान्यात गेला.