वडिलांची सुनावणी

त्या वकिलांच्या ऑफिसात तिला सगळे 'तारीखताई' म्हणत. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं आणि डेटाबेसमधल्या सुनावण्यांच्या तारखा एकेक करून प्रत्येक वकिलाच्या कॅलेंडरात भरायच्या, हे तिचं काम. एक तारीख चुकली की खापर तिच्याच डोक्यावर.

मग वडिलांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली. उपचार करणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा रोज त्यांना बोलतं करा. हे सुरुवातीचे महिने हातचे गेले, तर गेलेले शब्द परत यायचे नाहीत." घरात दुसरं होतं कोण? ती मोठ्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "तारखा आपोआप भरल्या जातील असं काहीतरी कर, मग खुशाल तासभर उशिरा ये."

सुट्ट्या खर्ची घालून ती शिकली आणि तिने प्रोग्रॅम लिहिला. पहाटे तारखा आपल्याआपण जागच्या जागी जाऊन बसू लागल्या. साहेब खूश. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच म्हणतात कसे, "तुझा सकाळचा तास कॅलेंडरात रिकामा दिसतोय. अशिलांचे फोन घेत जा."

रिकामा म्हणे! कोर्टात दुसऱ्याच्या शब्दाचा कीस पाडणारा हा माणूस, स्वतः दिलेला शब्द मात्र पाणी न पिता गिळून मोकळा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी पोटासाठी ती मुकाट्याने फोन घेत राहिली. इकडे वडिलांना जमू लागलेले दोन-चार शब्दही पुन्हा तोंडात अडकू लागले. ते बघून मात्र तिचा धीर सुटला.

त्या ऑफिसात सुनावणीपुढे कुणाचं काही चालत नसे. तिने डेटाबेसमध्ये सरळ नोंद केली: रोज सकाळी नऊ, सुनावणी, पक्षकार वडील. प्रोग्रॅम बिचारा इमानदार, त्याने ती साहेबांच्या कॅलेंडरातही नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांसमोर बसली होती, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"हे वडील कोण? नवं प्रकरण दिसतंय. असू दे, पुढची तारीख माग आणि इकडे ये."

"माझे वडील आहेत, साहेब. ते बोलतायत आणि मी ऐकायला बसलेय. या सुनावणीला पुढची तारीख मिळत नाही."